गोष्टीला पत्ता हवा: लहान मुलांसाठी जगभरातली चित्रपुस्तकं आणि लोककथा कशा निवडाव्यात

"आफ्रिकेत मुलं असतात का?"

पाच वर्षांच्या एका मुलीने मला हे विचारलं, तेव्हा मी सलग तीन आठवडे मुलांना आफ्रिकेतल्या गोष्टी वाचून दाखवत होते. कोळी, ससा, कासव, बिबट्या, हत्ती. पुस्तकं देखणी होती आणि मुलं रंगून ऐकत होती. पण तीन आठवड्यांत एकाही पानावर शाळेला निघालेलं मूल नव्हतं, बस नव्हती, उंच इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी आई नव्हती. त्या मुलीने जे ऐकलं त्यावरून काढलेला तिचा निष्कर्ष अगदी बरोबर होता. चुकली होती ती माझी निवड. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत, एकट्या नायजेरियात ५०० हून अधिक भाषा बोलल्या जातात, आणि मी त्या सगळ्याचं एक जंगल करून टाकलं होतं.

त्यानंतर मी निवडीची पद्धत बदलली. साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ती वापरता येते, घरात एका मुलासोबत किंवा वर्गात तीस मुलांसोबत. तिचा गाभा एवढाच आहे की गोष्टीला पत्ता हवा. ती कुणाची आहे, कुठली आहे, कुणी सांगितली, कुणी लिहून घेतली आणि त्या लोकांची मुलं आज कशी राहतात, हे हाती लागलं पाहिजे. एकाच पुस्तकात हे सगळं क्वचित मिळतं. म्हणून पुस्तकांची जोडणी करावी लागते.

१. नकाशा बाजूला ठेवा, मुलाच्या दिवसापासून सुरुवात करा

जगाची ओळख करून द्यायची म्हटलं की आपण देशांची यादी काढतो. या आठवड्यात जपान, पुढच्या आठवड्यात इजिप्त, मग ब्राझील. आपल्या डोक्यात नकाशा असतो म्हणून हा क्रम आपल्याला सोयीचा वाटतो. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात नकाशा नसतो. तिथे हलणारा दात असतो, अंधाराची भीती असते, घरात आलेलं नवं बाळ असतं, मित्राशी झालेली कट्टी असते. विषय तिथून उचलावा.

पडलेल्या दाताचंच बघा. इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी घरांत उशीखालचा दात परी घेऊन जाते. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या अनेक देशांत हे काम एक उंदीर करतो, आणि त्याला चक्क नाव आहे, पेरेस. जपानमध्ये खालचा दात छपरावर टाकायची आणि वरचा जमिनीकडे टाकायची पद्धत आहे, कारण नवा दात त्या दिशेने सरळ वाढावा. हलत्या दाताशी जिभेने खेळत बसलेलं मूल हे कान टवकारून ऐकतं, कारण गोष्ट त्याच्या तोंडातल्या दाताची आहे. देशांची नावं त्या ओघात आपोआप येतात आणि टिकतात.

महिन्याला एक विषय आणि त्यावर चार-पाच पुस्तकं, एवढं पुरे. झोपायची वेळ, पाऊस, आजी, चंद्र, हरवणं आणि सापडणं असे विषय चांगले चालतात. मात्र एक पथ्य पाळा: वर्षभरात दोन-तीन समाज असे ठरवा, ज्यांच्याकडे तुम्ही पुन्हा पुन्हा जाल. पंचवीस देशांचं एकेक पुस्तक वाचलेल्या मुलापेक्षा एकाच समाजाची पाच वेगवेगळी पुस्तकं वाचलेल्या मुलाला तिथली माणसं जास्त कळलेली असतात. पाच पुस्तकांत तिथे रागावणारी माणसं भेटतात, लाजरी भेटतात, विसरभोळी भेटतात. एका पुस्तकात फक्त "तिथले लोक" भेटतात.

२. आजचं मूल आधी, जुनी गोष्ट नंतर

माझी चूक इथेच झाली होती. लोककथा बहुधा जुन्या काळात घडते. राजा, जंगल, विहीर, जादूचा मासा. मुलाने एखाद्या समाजाबद्दल फक्त लोककथाच ऐकल्या, तर ते लोक त्याच्या मनात कायमचे जुन्या काळात राहतात. त्यातून मग "ते अजून झोपड्यांत राहतात ना?" असे प्रश्न येतात.

म्हणून कोणत्याही समाजाची लोककथा वाचण्याआधी तिथल्या आजच्या मुलाचं एखादं साधं पुस्तक वाचा. साधं म्हणजे ज्यात सण नाही, पारंपरिक पोशाख नाही, "आमची संस्कृती" समजावणारं भाषण नाही. एक मूल सकाळी उठतं, त्याचा एक मोजा सापडत नाही, असं काहीतरी. १९६२ साली अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे' हे चित्रपुस्तक आलं. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल कपडे घालून बर्फात खेळायला जातो, खिशात बर्फाचा गोळा घेऊन घरी येतो आणि तो गोळा वितळून जातो. बस, एवढीच गोष्ट. पीटरच्या रंगाबद्दल त्यात एक वाक्यही नाही. पुढच्याच वर्षी त्याला चित्रांसाठी कॅल्डेकॉट पदक मिळालं. अशा पुस्तकात वाचणारं मूल आधी पीटरबरोबर खेळतं आणि खेळता खेळता त्याला बघतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकी अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना तीन उपमा दिल्या: आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचा चेहरा दिसतो, काहींतून दुसऱ्याचं घर दिसतं आणि काहींतून त्या घरात पाऊल टाकता येतं. आरसा न मिळणं म्हणजे काय, हे नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ च्या एका गाजलेल्या भाषणात सांगितलं. लहानपणी त्या ब्रिटिश आणि अमेरिकी पुस्तकं वाचत. स्वतः लिहायला लागल्या तेव्हा त्यांची पात्रं गोरी, निळ्या डोळ्यांची असत, बर्फात खेळत आणि सफरचंदं खात. पुस्तकात अशीच माणसं असतात, अशी त्यांची समजूत झाली होती.

जगाच्या खिडक्या उघडताना म्हणूनच मुलाचा आरसा काढून घेऊ नका. त्याच्या स्वतःच्या भाषेतली, त्याच्यासारख्या घरातली पुस्तकंही त्याच फळीवर, त्याच विषयाखाली ठेवा. मग "आपण" आणि "जग" असे दोन कप्पे पडत नाहीत.

ढोबळ प्रमाण हवं असेल तर मी एका लोककथेमागे आजच्या आयुष्याची दोन पुस्तकं धरते.

३. लोककथेचा पत्ता तपासा

आता सगळ्यात वेळखाऊ काम. लोककथेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून भुलू नका. आधी पहिलं आणि शेवटचं पान उघडा, जिथे लेखकाचं मनोगत किंवा कथेबद्दलची टीप असते. तिथे तीन गोष्टी शोधा.

पहिली, लोकांचं नाव. "आफ्रिकेतली लोककथा", "आदिवासी कथा", "पूर्वेकडची कथा" असं लिहिलं असेल तर सावध व्हा. "घानामधल्या अशांती लोकांची कथा" असं लिहिलं असेल तर लेखकाने निदान विचारपूस केली आहे. खंडाला कथा नसतात, कथा माणसांना असतात.

दुसरी, गोष्ट लेखकापर्यंत कशी आली. स्वतःच्या आजीकडून ऐकली, अमुक संग्रहातून घेतली, अमुक गावातल्या कथेकऱ्याने सांगितली, यातलं काहीही चालेल. काहीच लिहिलेलं नसेल तर ती गोष्ट लेखकाने रचलेली असण्याची शक्यता धरा. रचलेली गोष्ट वाईट नसते, पण ती त्या लोकांची म्हणून मुलांना सांगायची नसते.

तिसरी, काय बदललं. प्रामाणिक लेखक सांगतो की शेवट मऊ केला, दोन पाठ (एकाच गोष्टीची दोन रूपं) एकत्र केले, एक पात्र गाळलं. बदल सगळेच करतात. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या लोककथा-संग्रहाची पहिली आवृत्ती १८१२ ची आणि सातवी १८५७ ची, आणि या काळात त्यांनी कथांवर सतत हात फिरवला. हिमगौरीचा छळ करणारी राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. "मूळ गोष्ट" हा शब्द म्हणून जपून वापरावा.

हे तपासलं नाही तर काय होतं, याची दोन उदाहरणं देते.

१९६८ मध्ये अमेरिकेत 'तिक्की तिक्की टेम्बो' हे चित्रपुस्तक आलं आणि कित्येक वर्षं शाळांमधून चिनी लोककथा म्हणून वाचलं गेलं. लांबलचक नावाचा मोठा मुलगा विहिरीत पडतो, धाकट्याला ते नाव पुरतं घेता घेता दमछाक होते आणि मदत उशिरा पोहोचते. त्यावरून म्हणे चिनी लोक मुलांना आखूड नावं ठेवू लागले. पण ते लांब नाव चिनी भाषेतलं नाहीच. लांब नावामुळे मदतीला उशीर होणाऱ्या मुलाची 'जुगेमू' ही कथा जपानी कथाकथनात प्रसिद्ध आहे आणि हे पुस्तक तिच्या बरंच जवळचं आहे. ताल धरायला लावणारं पुस्तक आहे, मुलांना ते तोंडपाठ होतं. त्यातून त्यांना चीनबद्दल मात्र काहीही कळत नाही. उलट "चिनी नावं म्हणजे गमतीदार आवाज" एवढंच मनात राहतं, आणि वर्गात एखादं चिनी मूल असेल तर त्याच्या नावाचं हसू होतं.

दुसरं उदाहरण १९९१ चं, 'ब्रदर ईगल, सिस्टर स्काय'. पृथ्वी सगळ्यांची आहे असं सांगणारे सरदार सिएटल यांचे शब्द, भव्य चित्रांसह. सिएटल हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुक्वामिश आणि दुवामिश लोकांचे नेते. त्यांचं १८५४ चं भाषण छापून आलं ते १८८७ मध्ये, तेही एका श्रोत्याने केलेल्या नोंदींवरून. आणि जगभर गेलेला पर्यावरणाचा मजकूर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टेड पेरी नावाच्या पटकथालेखकाने एका माहितीपटासाठी लिहिलेला. चित्रांतही घोळ आहे. सिएटल यांचे लोक समुद्राकाठी लाकडाच्या लांब घरांत राहत आणि देवदारासारख्या झाडांच्या होड्या वल्हवत. चित्रांमध्ये दिसतात ते किनाऱ्यापासून खूप दूर, आतल्या मैदानी प्रदेशातले घोडेस्वार आणि त्यांचे तंबू. पत्ता लिहिलेला होता, पण चुकीचा.

एवढी शोधाशोध प्रत्येक पुस्तकासाठी कुणालाच जमणार नाही. तेव्हा निदान लेखक आणि चित्रकार कोण आहेत ते बघा. ते त्याच समाजातले असतील तर अशा चुका कमी होतात. बाहेरच्या माणसाने लिहूच नये असं मी म्हणत नाही. पण आतल्या माणसांना संधी किती कमी मिळाली आहे हेही डोळ्यांसमोर असू द्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्राने १९८५ साली अमेरिकेत निघालेली सुमारे २,५०० बालपुस्तकं मोजली. त्यांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती १८. दोन पुस्तकं सारखीच आवडली, तर मी त्या समाजातल्या लेखकाचं उचलते.

४. मजकूर झाकून चित्रं वाचा

ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल चित्रंच वाचत असतं, आणि आपल्यापेक्षा बारकाईने. म्हणून पुस्तक निवडताना एकदा मजकुरावर हात ठेवून नुसती पानं उलटा आणि स्वतःला विचारा:

सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातून काढले आहेत का, की घरातली चार माणसं चार वेगळी दिसतात?
नाक, डोळे, ओठ ओढूनताणून मोठे किंवा बारीक केले आहेत का?
अडचण सोडवतं कोण? तिथलंच मूल, की बाहेरून आलेला कुणी?
बायका आणि मुली काय करताना दिसतात?
गोष्ट आजची असेल तर रस्ता, दिवा, चप्पल, फोन आजचे आहेत का?

यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण उपकार करणारा पाहुणा आणि उपकार घेणारे गावकरी असं चित्र मुलं फार पटकन खरं मानतात. एका पुस्तकात पाचपैकी एखादी गोष्ट खटकली म्हणून ते फेकायची गरज नाही. पण चेहरेच थट्टेचे असतील तर मजकूर कितीही चांगला असो, ते बाजूला ठेवा.

५. वय

तीन-चार वर्षांच्या मुलांना साखळीच्या गोष्टी द्याव्यात. रशियातली सलगमाची गोष्ट, म्हातारा ओढतो, म्हातारी ओढते, नात, कुत्रा, मांजर, आणि उंदराने हात लावल्यावर सलगम निघतो. युक्रेनमधली हातमोज्याची गोष्ट, बर्फात पडलेल्या एका हातमोज्यात एकेक प्राणी शिरत जातो. पुढे काय येणार हे मुलाला कळतं आणि तेच त्याला हवं असतं. पाच-सहाच्या मुलांना चतुर पात्रं आवडतात: घानाचा कोळी अनान्सी, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा डोमकावळा, तुर्कस्तानपासून मध्य आशियापर्यंत फिरणारा नसरुद्दीन. सात-आठच्या पुढे दोन पाठांची तुलना आणि जग कसं झालं याच्या कथा घ्याव्यात.

लोककथा वाचून दाखवण्याआधी ती आपण एकट्याने पूर्ण वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत. ग्रिम यांच्या सिंड्रेलात सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून पाय कापून घेतात आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे टोचतात. हे मुलांसमोर पान उलटल्यावर पहिल्यांदा कळायला नको.

६. दोन गोष्टी शेजारी ठेवा

माझ्या मते जग शिकवण्याची याहून चांगली युक्ती नाही. लोककथा प्रवास करतात आणि प्रत्येक मुक्कामी कपडे बदलतात. लोककथांच्या अभ्यासकांनी अशा सारख्या कथांना क्रमांक देऊन मोठी सूची केली आहे. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवली आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडली. सिंड्रेलाचा क्रमांक ५१० अ. आपल्याला सूची पाठ करायची नाही, पण एखाद्या गोष्टीची बहीण शोधायची असेल तर हा क्रमांक चावीसारखा उपयोगी पडतो.

सिंड्रेलापासूनच सुरुवात करता येते. काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि परी आली ती फ्रान्सच्या शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या पुस्तकातून. चीनमध्ये दुआन चेंगशी यांनी नवव्या शतकात, म्हणजे पेरोंच्या आठशे वर्षं आधी, ये श्येन नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली. तिला मदत करतो तिने वाढवलेला मासा. सावत्र आई तो मारते, पण त्याच्या हाडांकडे मागितलेलं मिळतं. बूट सोन्याचा असतो आणि तरी पिसासारखा हलका. ग्रिम यांच्या पाठात परीही नाही आणि मासाही नाही, आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आणि त्यावरचे पक्षी आहेत. तिन्ही वाचून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारा: "मुलीला मदत कुणी केली?" परी, मासा, झाड. मग पुढचा प्रश्न बहुतेक मुलंच विचारतात, की मासा का? सात वर्षांच्या एका मुलाने माझ्याकडे उत्तरही दिलं होतं: "कारण ती पाण्याजवळ राहत असणार." बरोबर की चूक हे मला महत्त्वाचं वाटलं नाही. त्याने गोष्टीवरून जागेचा विचार केला होता.

त्याहून लहान मुलांसाठी माझी आवडती जोडी आशियातली आहे. इंडोनेशिया आणि मलेशियात सांग कान्चिल नावाचं इवलंसं हरीण आहे. त्याला नदीपलीकडची फळं खायची असतात आणि नदीत मगरी असतात. तो म्हणतो, राजाने तुमची मोजणी करायला सांगितली आहे, ओळीने उभ्या राहा. मग एक, दोन, तीन म्हणत तो त्यांच्या पाठीवरून उड्या मारत पलीकडे. जपानमध्ये ७१२ साली लिहिलेल्या 'कोजिकी' या ग्रंथात इनाबाचा ससा अगदी हेच करतो. त्याला समुद्र ओलांडायचा असतो आणि तो 'वानी' नावाच्या जलचरांना रांगेत उभं करतो. पण शेवटच्या पाठीवर असताना त्याला राहवत नाही, फसवल्याची बढाई तो मारून बसतो, आणि त्याची सगळी लव सोलून निघते. पुढे एक दयाळू देव त्याला गोड्या पाण्याने अंग धुवून पाणकणसाच्या परागांवर लोळायला सांगतो आणि तो बरा होतो.

युक्ती एक, शेवट दोन. पहिल्या वाचनात उड्या मोजा, मुलं त्यातच दंग होतात. दुसऱ्या वाचनात विचारा, हरीण सुटलं आणि ससा का नाही सुटला? कुणी म्हणेल ससा जास्त बोलला, कुणी म्हणेल शेवटी का होईना, त्याच्यावर दया करणारं कुणीतरी होतं. आणि मगरीची बाजू घेणारं एखादं मूल असतंच. त्याला बोलू द्या.

मोठ्या मुलांना चंद्राचा महिना देता येतो. चंद्रावर ससा दिसतो असं भारतातल्या जातककथा सांगतात. चीनमधला ससा तिथे औषध कुटतो, जपानमधला भाताचे वडे कुटतो. आणि महासागरापलीकडे मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांनाही चंद्रावर ससाच दिसला. त्याच रात्री मुलांना घेऊन बाहेर जा आणि त्यांना काय दिसतं ते विचारा.

एक सांभाळा. "बघा, सगळीकडे सारखंच असतं" असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. जोडी लावायची ती सारखेपणा मुलांना चटकन दिसतो म्हणून, पण थांबायचं ते फरकापाशी.

७. कुठल्या गोष्टी जपून हाताळायच्या

काही गोष्टींना वेळ असते. अमेरिकेतले नावाहो लोक कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांमध्ये काही कथा ठराविक माणसांनीच सांगायच्या असतात. पुस्तकात अशी सूचना असेल तर ती पाळा आणि मुलांनाही सांगा: "ही गोष्ट थंडीत सांगतात, म्हणून आपण थंडीची वाट बघू." दुसऱ्याच्या गोष्टीचा मान ठेवणं मुलं यातून शिकतात, आणि वाट बघण्यात त्यांना गंमतही वाटते.

जी गोष्ट कुणाच्या श्रद्धेचा भाग आहे तिला "परीकथा" म्हणू नका. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथेत माउई हा नायक सूर्याला दोरांनी बांधून त्याचा वेग कमी करतो. तिथे "माओरी लोक असं सांगतात" हे वाक्य पुरेसं असतं. खरी की खोटी असं मुलाने विचारलं तर "त्यांच्यासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे" असं सांगा.

गोष्टीनंतर हस्तकला म्हणून पिसांचे मुकुट, मुखवटे, चेहऱ्याला रंग, हे टाळा. कित्येक समाजांत पिसं मान म्हणून मिळवावी लागतात आणि मुखवटे विधीचे असतात. त्याऐवजी गोष्टीतला प्रसंग रंगवा, पूल बांधा, मगरींची रांग करा.

आणि कठीण इतिहास पूर्ण गाळू नका. अनान्सीच्या गोष्टी कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावरही सांगतात. तो घानातून तिथे कसा पोहोचला, असं मूल विचारेलच. "तिथल्या माणसांना जबरदस्तीने पकडून जहाजांतून दूर नेलं, त्यांच्याकडून फुकट काम करून घेतलं. त्यांना सामान नेता आलं नाही, पण गोष्टी आठवत होत्या." सहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. मी हे सांगते तेव्हा मुलं गप्प होतात, आणि मग अनान्सीच्या करामती ती वेगळ्या कानांनी ऐकतात.

८. वाचताना

नावं आधी म्हणून बघा. लेखकाच्या किंवा तिथल्या कुणाच्या आवाजातली नोंद ऐकायला मिळाली तर उत्तम. अडखळलात तर मुलांसमोर पुन्हा नीट म्हणा, नाव सोपं करू नका. परक्या शब्दाचा अर्थ लगेच सांगायचीही घाई नको, चित्रातून मुलं बरंच ओळखतात.

गोष्ट उघडायची पद्धत मात्र जरूर घ्या, ती मुलांना विलक्षण आवडते. आपल्या आटपाट नगरासारखी सगळ्यांची आपापली दारं आहेत. तुर्की आणि फारसी गोष्टी "एक होता, एक नव्हता" अशा सुरू होतात. कोरियन गोष्ट सांगते, वाघ चिलीम ओढायचे त्या काळी. हैतीमध्ये सांगणारा विचारतो "क्रिक?" आणि ऐकणारे ओरडतात "क्राक!", त्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. अशांती कथेकरी आधीच बजावतो की आम्ही सांगतो ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. आणि शेवटी म्हणतो, ही माझी गोष्ट गोड असो वा नसो, थोडी घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या.

"यातून काय शिकलो?" हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याऐवजी "तुला त्या घरात कुठे बसायला आवडेल?" विचारा. उत्तर देताना मूल चित्राकडे पुन्हा बघतं.

९. पुस्तकं मिळवायची कुठून

जर्मनीतून परागंदा झालेल्या येल्ला लेपमन युद्धानंतर मायदेशी परतल्या आणि १९४६ मध्ये त्यांनी उद्ध्वस्त म्युनिकमध्ये अनेक देशांतल्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरवलं. त्यातून १९४९ मध्ये म्युनिकचं आंतरराष्ट्रीय बाल ग्रंथालय उभं राहिलं आणि १९५३ मध्ये 'इबी' ही बालपुस्तकांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था. इबीची दर दोन वर्षांनी निघणारी सन्मान यादी बघा, कारण त्यातली पुस्तकं त्या त्या देशातल्या लोकांनीच निवडलेली असतात. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराच्या याद्यांतूनही वेगवेगळ्या भाषांतले लेखक-चित्रकार सापडतात.

भाषेची अडचण असेल तर शब्द नसलेली चित्रपुस्तकं घ्या. इटलीच्या लाम्पेदूसा बेटावर येणाऱ्या निर्वासित मुलांसाठी इबीने २०१२ मध्ये अशा पुस्तकांचा संग्रह सुरू केला, कारण ती कुठल्याही भाषेचं मूल वाचू शकतं. मराठीत वाचायला हवं असेल तर 'स्टोरीवीव्हर' हे २०१५ पासून चालणारं मुक्त डिजिटल व्यासपीठ आहे, आणि आफ्रिकेतल्या भाषांमधल्या छोट्या गोष्टींसाठी २०१४ चं 'आफ्रिकन स्टोरीबुक'. दोन्हीकडे गोष्टी विनामूल्य वाचता येतात, भाषांतर करता येतात, छापता येतात. आफ्रिकन स्टोरीबुकवर आजची घरं, शाळा, भाऊबहिणी भरपूर भेटतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

१०. वही ठेवा

प्रत्येक पुस्तकाची एक ओळ लिहा: लोकांचं नाव, गोष्ट आजची की जुनी, कुणी लिहिली, कुणी चित्रं काढली, मुलाने काय विचारलं. सहा महिन्यांनी ती पानं समोर घेऊन बसा. कुठल्या समाजाची फक्त जुनीच गोष्ट आली, कुठल्याची फक्त दुःखाची, कुठे सगळे नायक मुलगेच होते, हे डोळ्यांना दिसतं आणि पुढची पुस्तकं कोणती आणायची ते तिथेच ठरतं. माझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात "आफ्रिकेत मुलं असतात का?" आहे. त्याखाली, दोन महिन्यांनंतरच्या तारखेला, नायजेरियातल्या लागोस शहराची गोष्ट ऐकल्यावरचा, त्याच मुलीचा पुढचा प्रश्न आहे: "लागोसमधल्या त्या मुलीच्या धाकट्या भावाचं नाव काय होतं?"